विश्लेषण : राजुऱ्यातल्या गायक-वादकाला पैशाचा कार्यक्रम मिळतो कुठून?

पुण्या-मुंबईत गिटार घेऊन फिरणाऱ्या तरुणाला कॅफे, पब, हॉटेल अशी दारे ठोठावता येतात. राजुऱ्यात तशी दारेच नाहीत. तरीही गणपतीपासून लग्नसराईपर्यंत या तालुक्यात आणि शेजारच्या झाडीपट्टीत रोज कुठे ना कुठे कोणीतरी माइकसमोर गातो आणि त्याचे पैसे घेतो. हे पैसे नेमके कोणाकडून येतात, तिथपर्यंत नवख्या कलावंताने पोहोचायचे कसे आणि हातात पडणारी रक्कम कमी का होत चालली आहे, याविषयी…

पबचा रस्ता इथे का नाही?

मोठ्या शहरांत स्वतंत्र गायकाची पहिली कमाई बहुतेक वेळा खाण्यापिण्याच्या जागी होते. ग्राहक जास्त वेळ बसावा म्हणून मालक गाणे ठेवतो आणि गायकाचे पैसे बिलातून निघतात. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. ती उठवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे 2021 मध्ये घेतला. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून लागू असलेली बंदी कायम आहे. दारूबंदी बरी की वाईट हा वेगळा वाद. पण नागपूर-पुण्यात आठवड्याच्या शेवटी ‘लाइव्ह म्युझिक’चा फलक लावण्याची पद्धत रुळत होती, त्या काळात चंद्रपुरात बार बंद होते. बंदी उठल्यावर दुकाने उघडली, गाणे मात्र आले नाही. राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात हॉटेलमालकाने दर शनिवारी गायक बसवावा इतके गिऱ्हाईकही नाही. त्यामुळे शहरातला सल्ला, म्हणजे डेमो बनवा, हॉटेलांना मेल पाठवा, इन्स्टाग्रामवर रील टाका, इथे अर्धाच उपयोगी पडतो.

मग पैसे देतो कोण?

श्रोता थेट तिकीट काढतो असे कार्यक्रम राजुऱ्यात विरळा. पैसे देते मंडळ, जयंती समिती, लग्नघर किंवा कंपनीची वसाहत. गाणाऱ्याचे गिऱ्हाईक ऐकणारा नसून वर्गणी गोळा करणारा आहे, हा या बाजाराचा पहिला नियम.

हंगाम सुरू होतो गणेशोत्सवाने. मागोमाग नवरात्र. पूर्व विदर्भात दुर्गेच्या जोडीने शारदा उत्सवाची मंडळेही असतात, म्हणजे भजन, जागरण आणि ऑर्केस्ट्राच्या तारखा दुप्पट. सास्ती, गोवरी, पोवनी, धोपटाळा या कोळसा खाणींच्या परिसरात आणि गडचांदूर भागातल्या सिमेंट कारखान्यांच्या वसाहतींत देशभरातून आलेले कामगार राहतात. तिथे मराठी भावगीतापेक्षा हिंदी भजनाला आणि जुन्या चित्रपटगीतांना मागणी जास्त. तेलंगणाची हद्द जवळ असल्याने लग्नाच्या मांडवात तेलुगू गाण्याची फर्माईशही होते. ज्याच्या वहीत तीन भाषांतली गाणी आहेत त्याला इथे काम जास्त.

भीमगीतांचे क्षेत्र वेगळेच आहे, आणि कदाचित सर्वांत भरवशाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दरवर्षी 15 आणि 16 ऑक्टोबरला तिथल्या दीक्षाभूमीवर मोठा समुदाय जमतो. एप्रिलमध्ये तर 14 तारखेच्या आगेमागे गावोगावी बुद्ध-भीमगीतांचे कार्यक्रम होतात. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतून आलेले हे श्रोते शब्द कान देऊन ऐकतात, नवी रचना स्वीकारतात. स्वतःचे गीत लिहून स्वतः गाणाऱ्याला मोठ्या शहरात श्रोते मिळायला वर्षे लागतात. इथे एप्रिलमध्ये ते समोर बसलेले असतात.

याउलट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने किंवा जिवती-राजुरा भागातल्या गोंड-कोलामांची दिवाळीतली दंडार ही ‘कार्यक्रम’ म्हणून विकायची गोष्ट नाही. ती सेवा आहे, विधी आहे. स्पर्धेत बक्षीस मिळते, पण ते मानधन नव्हे. बाहेरच्याला दोन्ही सारखेच दिसते. मंडळाशी बोलताना मात्र हा फरक विसरला तर अडचण होते.

सुपारी ठरते कशी?

मंडळाचे पदाधिकारी सहसा गायक शोधत नाहीत. ते मंडपवाल्याला किंवा साउंडवाल्याला विचारतात. कोणत्या गावात कोणत्या तारखेला काय आहे, याची सर्वांत अचूक यादी त्यांच्याकडेच असते. त्यामुळे नवख्या गायकाने आधी ओळख वाढवायची ती साउंडवाल्याशी. दुसरी वाट जुन्या ऑर्केस्ट्रात किंवा बँड पार्टीत पर्यायी गायक-वादक म्हणून शिरण्याची. लग्नसराईत एकाच तारखेला दोन सुपाऱ्या आल्या की माणूस कमी पडतोच.

वर्गणीचा अंदाज घेऊन मंडळ आकडा ठरवते, थोडा बयाना देते आणि उरलेली रक्कम ‘कार्यक्रम झाल्यावर’ म्हणते. वाद होतो तो या उरलेल्या रकमेवरून. पाऊस आला, वीज गेली, वर्गणी कमी पडली की पहिली कात्री गायकाच्या पैशाला लागते. मंडपाचे सामान परत नेता येते, गायलेले गाणे परत नेता येत नाही. गणेशोत्सवात तर वर्धेला पूर आला की बल्लारपूर-राजुरा मार्गावरचा पूल पाण्याखाली जातो. अशा वेळी गाडी निघाली पण पोहोचली नाही, तर पैसे कोणी सोसायचे, हे आधी ठरलेले नसते.

झाडीपट्टीची ‘नाईट’ का टिकून आहे?

या भागात वादकाला सलग काम देणारी एकच मोठी व्यवस्था आहे, ती म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर ही नाटके सुरू होतात आणि साधारण होळीपर्यंत चालतात. केंद्र आहे वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाट्यकंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन नाटक ठरवतात. बल्लारशाह-गोंदिया रेल्वेमार्गावरचे ते स्थानक आहे, त्यामुळे राजुऱ्याच्या वादकालाही तिथे जाऊन भेटणे अवघड नाही. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राचे लक्ष थोडे इकडे वळले.

नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. ऑर्गन, तबला, ढोलकी आणि आता ऑक्टोपॅड वाजवणारे रंगमंचापुढे बसतात. मोबदला ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक. गावात शंकरपट किंवा मंडई असली की घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटकाला गर्दी होते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाभोवतीचे हे सगळे अर्थकारण हलले. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांचा खटला तबलजीच्या पोटाशी असा जोडलेला आहे.

इथे वादकाची जागा अजून शाबूत आहे, याचे कारण परंपरेचे प्रेम एवढेच नाही. नट स्वतः गातो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात, नट एखादी ओळ लांबवतो, संवादातून अचानक पदात शिरतो. ध्वनिमुद्रित ट्रॅकला हे कळत नाही, तो थांबत नाही. समोर बसलेला ऑर्गनवाला थांबतो.

ट्रॅकमुळे नेमके काय बदलले?

ऑर्केस्ट्रात मात्र ट्रॅकने जागा घेतली आहे. साधा हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मंडळाने 30 हजार ठरवले. साउंडचे 10 हजार, गाडीचे 4 हजार गेले. दोन गायक आणि चार वादक असतील तर उरलेल्या 16 हजारांत प्रत्येकाला सुमारे 2,660 रुपये पडतात. तेच दोन गायक कराओके ट्रॅक घेऊन छोट्या गाडीने गेले, गाडीचे 2 हजार धरले, तर प्रत्येकाला 9 हजार. गायकाला दोष देणे सोपे आहे. पण मंडळ आकडा वाढवत नाही आणि डीजेवाला त्याहून कमीत येतो, तेव्हा गायक दुसरे काय करणार? या हिशेबात हरतो तो वादक.

दरपत्रक असते तर थोडा आधार मिळाला असता. ब्रिटनमध्ये म्युझिशियन्स युनियन कार्यक्रमांसाठी शिफारशीचे दर प्रसिद्ध करते. मुंबईत चित्रपटांतल्या वादकांची संघटना अनेक दशके जुनी आहे. मांडवात वाजवणाऱ्यांसाठी असे काही नाही.

रात्री दहाचा नियम काय सांगतो?

तारीख घेण्याआधी बघायची ही गोष्ट. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृह, मंगल कार्यालय अशा बंदिस्त जागेत आतल्या आत वापर चालतो. सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते आणि हे दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. म्हणजे मैदानावरचा तीन तासांचा कार्यक्रम यादीबाहेरच्या दिवशी असेल तर सातला सुरू व्हायलाच हवा. मंडळाचे सत्कार आणि भाषणे नऊपर्यंत लांबली तर गायकाच्या वाट्याला एक तास येतो, आणि ‘एकच तास गायलात’ म्हणून पैसे कापले जातात. सुपारी घेताना सुरू होण्याची वेळ लिहून घ्यावी ती यासाठी.

दुसऱ्याची गाणी गायली तर?

लग्न आणि त्याच्याशी जोडलेले समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडए) मध्ये सूट आहे. केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै 2023 मध्ये तसे स्पष्टही केले. मात्र लग्नाच्या नावाखाली होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला ही सूट मिळतेच असे नाही. त्यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तिकीट लावून किंवा हॉटेलात होणाऱ्या कार्यक्रमासाठी गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना आयपीआरएस या संस्थेकडून घ्यावा लागतो, मूळ रेकॉर्ड वाजवली तर ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ही जबाबदारी आयोजकाची, असे आधी लिहून घेतलेले बरे. स्वतःची गीते रचणाऱ्याने मात्र आयपीआरएसचे सदस्यत्व स्वतःसाठी घ्यावे. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. तो मिळण्यासाठी गाणे नोंदलेले लागते.

कागद कशासाठी जपायचा?

या सगळ्या व्यवहारात सर्वांत कमी सापडते ती पावती. व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख, वेळ, रक्कम, बयाना, प्रवास आणि रद्द झाल्यास काय, एवढे लिहून समोरच्याचे ‘हो’ मिळवले तरी वाद झाल्यास दाखवायला काही असते. कंपनीच्या वसाहतीतला किंवा सरकारी महोत्सवातला कार्यक्रम असेल तर पॅन, बँक खाते आणि बिल लागतेच. तिथे पैसे बुडण्याची भीती कमी, उशीर होण्याची जास्त. आकाशवाणीचे चंद्रपूर केंद्र जवळ आहे. स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळाली तर तो सरकारी शिक्का मंडळांपुढेही चालतो.

कागदाचा आणखी एक उपयोग उतारवयात होतो. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठीच्या राज्याच्या योजनेत 2024 पासून दरमहा 5 हजार रुपये मानधन आहे. त्यासाठी वयाची पन्नाशी लागते, उत्पन्नाची मर्यादा असते आणि किमान 15 वर्षे कलाक्षेत्रात काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो. आयुष्यभर रोखीत नाईट घेतलेल्या ढोलकीवाल्याकडे हा पुरावा कुठून येणार? मंडळाची निमंत्रणपत्रिका, नाव छापलेले पोस्टर, सत्काराचे प्रमाणपत्र, स्थानिक वृत्तपत्रातले कात्रण यांचा उपयोग इथे होऊ शकतो. तिशीतल्या कलावंताने आतापासून मोबाइलमध्ये त्यांचा एक फोल्डर ठेवला तर खर्च काहीच नाही.

जुलै-ऑगस्ट हे राजुऱ्यातल्या कलावंतांचे रिकामे महिने. लग्ने संपलेली, नाटके सुरू व्हायला तीन-चार महिने. याच दिवसांत गणेश मंडळांच्या बैठका होतात, वर्गणीच्या पावतीपुस्तकांची छपाई सुरू होते आणि बहुतेक सुपाऱ्याही तेव्हाच ठरतात.