नाव लिहिलं नाही, तरी पत्ता गेला

ओपीडीत एका तरुणाने विचारलं, "डॉक्टर, एचआयव्ही तपासणीची माहिती एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर वाचली. नाव-नंबर काही भरलं नाही. कुणाला कळणार नाही ना?" छातीठोकपणे "नाही" म्हणणं मला जमलं नाही.

वेबसाइट उघडली की जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम आपल्या ब्राउजरमध्ये चालू लागतात. गंमत अशी, की आपल्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता त्यांना ब्राउजरकडून थेट मिळत नाही. पण ते बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी बोलतात, आणि उत्तर पाठवायचं तर त्या सर्व्हरला पत्ता दिसावाच लागतो. रुग्णालयाच्या पानावर जाहिरात कंपनीची किंवा वाचक मोजणाऱ्या कंपनीची स्क्रिप्ट असेल, तर आपला पत्ता आणि आपण उघडलेलं पान, दोन्ही त्या तिसऱ्याच्या हाती पडू शकतात.

या पत्त्यावरून घर सापडत नाही. शहर आणि इंटरनेट कंपनी, बहुधा एवढंच कळतं. मोबाइलवर तर एकच पत्ता अनेकांमध्ये वाटलेला असतो. पण घरच्या वायफायचा पत्ता एखाद्या लॉगिनशी जुळला, की चार जणांतला कोण हे ओळखणं फार अवघड राहत नाही. 'इनकॉग्निटो'ने पत्ता लपत नाही, हेही सांगून ठेवतो.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये रुग्णालयांना अशा स्क्रिप्टबद्दल बजावलं होतं. आयपी पत्ता आणि आजाराचं पान ही जोडीही रुग्णाची खासगी माहिती ठरू शकते, असं त्यांचं म्हणणं. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने सार्वजनिक पानांपुरता तो भाग रद्द केला. पान उघडणाऱ्यालाच तो आजार आहे, हे त्यावरून ठरत नाही, हा त्यामागचा तर्क. मला तो अर्धाच पटतो. मुलगी आईसाठीही वाचत असेल, खरं आहे. पण टीबी वॉर्डाबाहेर नुसत्या दिसलेल्या माणसाबद्दल गल्लीत काय बोललं जातं, ते आम्ही पाहतो. संशयाला पुरावा लागत नाही.

आपल्याकडे २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील मानल्या होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यासाठी तसा वेगळा वर्ग नाही. तेव्हा वेबसाइट बनवून देणाऱ्याला रुग्णालयांनीच विचारायला हवं: आजारांच्या आणि अपॉइंटमेंटच्या पानांवर बाहेरच्या कोणकोणत्या स्क्रिप्ट आहेत, आणि त्या हव्यातच कशाला?

त्या तरुणाला मी आमच्या आयसीटीसी केंद्रात पाठवलं. तिथे तपासणी मोफत होते, आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे.