मुले निघाली शिकायला, आठवणी ठेवायच्या कुठे?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दोन कामे एकदमच सुरू होतात. पहिले सर्वांना दिसते. सीईटी, नीट, गुणवत्ता यादी, प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृह, फीची जुळवाजुळव. दुसरे काम घरातली बाई कुणाला न सांगता करीत असते. मूल आता जाणार म्हणून ती कपाटावरची पेटी खाली काढते आणि जुने फोटो चाळू लागते. पूर्वी हे चाळणे एका दुपारपुरते असे. आता हातात मोबाइल आल्यामुळे त्याचा छंद झाला आहे. कागदी फोटो मोबाइलने टिपून घ्यायचे, ते पानावर मांडायचे, खाली चार ओळी लिहायच्या, एखादे जुने पत्र किंवा बक्षिसाचे प्रमाणपत्र शेजारी लावायचे. शाळेत आपण जिला चिकटवही म्हणत होतो, तिचाच हा डिंकाशिवायचा अवतार.

या छंदाकडे रिकामटेकडा उद्योग म्हणून पाहिले जाते. मला तसे वाटत नाही. मुलांचे शिक्षण, गावाचा बदललेला चेहरा, खासगी गोष्टींचा हक्क आणि आईच्या वाट्याला येणारा वेळ, असे चार प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात राहून दोन मुलांना एकामागोमाग बाहेर पाठवताना ते मला जसे दिसले, तसे इथे मांडते.

दाखल्यांच्या निमित्ताने

मुलांचे घर सोडणे ही आता मोजक्या घरांतली गोष्ट राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात ३ कोटी ४२ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ४ कोटी ३३ लाखांवर गेला आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. आमच्या आईच्या पिढीत मुलगी घर सोडी ती लग्न होऊन. आज ती आधी वसतिगृहात जाते. घर रिकामे होण्याचा क्षण त्यामुळे अलीकडे सरकला आहे, आणि त्याला निरोप देण्याची रीत अजून आपल्याकडे पुरती ठरलेली नाही. ना त्याची गाणी आहेत, ना मानपान.

भिवंडीत बी. एन. एन. महाविद्यालय आहे. कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र आहे. तरीही अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा कृषी शाखेचे प्रवेश राज्यभराच्या गुणवत्तेवर होत असल्याने मूल कुठे जाईल हे यादीच ठरवते. माझी मुलगी अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेली आणि मुलगा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात.

या प्रवेशानेच आमच्या घरातली पेटी उघडली. आगरी समाज इतर मागासवर्गात मोडतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. तो पुरावा बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात नाहीतर जुन्या महसुली कागदांत सापडतो. म्हणजे नातीला संगणक शिकायचा असेल, तर आजोबा कोणत्या शाळेत किती इयत्ता शिकले हे आधी शोधावे लागते! कागद शोधता शोधता त्यांच्या तळाशी फोटो सापडले. प्रवेशाच्या अर्जासाठी कागद स्कॅन करायला मी मुलीकडून शिकले होते. तेच तंत्र फोटोंना लावले. आमच्या आळीतल्या आणखी दोघी-तिघींचा छंदही असाच दाखल्यांच्या फायलीतून सुरू झाला. घराण्याची आठवण ही सरकारदरबारी चालणारी वस्तू आहे, हे आम्हाला त्या वेळी कळले.

फोटोच्या मागे दिसणारे शेत

वळ हे नाव बाहेरच्यांना ठाऊक असेल ते गोदामांमुळे. मुंबई-ठाण्याच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण बाजारपेठेच्या आणि हमरस्त्याच्या जवळ, म्हणून व्यापाऱ्यांनी या पट्ट्यात गोदामे बांधली. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे, माणकोली ही भाताची गावे पत्र्याच्या उंच शेडखाली गेली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात संपली, पण गोदामे गेली नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या मालाला ती उलट अधिकच हवीशी झाली. देशभरच्या घरांत जाणारी खोकी आमच्या बांधावरून सुटतात.

या बदलाचे फोटो कुणी काढले? कुणीच नाही. शेताचा फोटो काढायची चाल आमच्यात नव्हती. कॅमेरा यायचा तो लग्नाला, हळदीला आणि गणपतीला. पण जुने फोटो मोठे करून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. माणसे पुढे उभी आहेत आणि मागे शेत आहे. माझ्या नणंदेच्या हळदीच्या फोटोत मांडवाच्या खांबांमधून खळे दिसते, कडेला कणगी दिसते. त्या जागी आज मालाचे ट्रक रांगेने उभे असतात. फोटो काढणाऱ्याला जे टिपायचे नव्हते, तेच आज सर्वांत मोलाचे ठरले आहे.

मुलगा दापोलीला भातशेती शिकू लागला, तेव्हा सुट्टीत त्याने आजीला विचारले, की आपली जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत होती? सासूबाईंनी फोटोवर बोट ठेवून बांध दाखवले. राब कधी भाजत, आवणी कुठल्या बाजूने सुरू होई, पाणी कुठून काढत, हे त्या सांगत गेल्या. मी ते त्यांच्या आवाजात नोंदवून त्या पानाला जोडले. कागदाच्या चिकटवहीला हे जमले नसते. आमच्याकडे लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारिणी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. त्यांचा आवाज लग्नाच्या फोटोशेजारी ठेवता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

साठा वेगळा, जतन वेगळे

छत्तीस फोटोंचा रोल होता तेव्हा प्रत्येक फोटो विचार करून काढला जाई. पैसे पडत. ज्या कोडॅकचे नाव म्हणजे फोटो असे समीकरण होते, तिने १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. आज एका वाढदिवसाला दोनशे फोटो निघतात आणि पुढे कुणी पाहत नाही. आम्ही गोदामांच्या गावातले लोक असल्यामुळे एक गोष्ट आम्हाला चांगली ठाऊक आहे. माल नुसता आत टाकला तर ते गोदाम नसते, ती अडगळ असते. आत आलेल्या खोक्याची नोंद हवी, त्याची जागा ठरलेली हवी आणि मागणी आली की ते बाहेर काढता आले पाहिजे. फोटोंचेही तसेच आहे. कोण, कुठे, कधी, एवढ्या तीन गोष्टी ज्याच्याखाली लिहिलेल्या नाहीत, तो फोटो पुढच्या पिढीला अनोळखी माणसांचा घोळका वाटतो.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधत होते, तेव्हा कित्येक घरांतले कागद वाळवीने खाल्ले होते नाहीतर रद्दीत गेले होते. आजची वाळवी निराळी आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी तिथले फोटो वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांचे ते गेले. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते ती कंपनी पुसून टाकू शकते. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातल्या फोटोंचे काय, याचा विचार म्हणूनच आधी करायला हवा. मजकुराचीही तीच कथा. नव्वदच्या दशकात जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर आजच्या संगणकावर उघडला तर अगम्य चिन्हे दिसतात. त्यामुळे फोटोखालच्या ओळी युनिकोडमध्येच लिहाव्यात.

कागद मात्र अमर आहे, असेही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरात ठाणे जिल्ह्यातल्या असंख्य घरांतले आल्बम चिखलात गेले. खाडीकाठच्या दमट हवेत तर पुराचीही गरज नाही, बुरशी पुरते. जाणकार सांगतात तो नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. आमची एक प्रत मोबाइलच्या खात्यात आहे, एक हार्ड डिस्कवर घरी आणि एक दुसऱ्या हार्ड डिस्कवर माझ्या माहेरी. निवडक पानांची छापील वही निराळीच. आल्बमला घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकट दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता टिपावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन पोहोचतो, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी.

फोटो कुणाचा?

आता नाजूक मुद्दा. मुलीचा पहिलीतला दात पडलेला फोटो आईला गोड वाटतो. तोच फोटो वसतिगृहातल्या खोलीत मैत्रिणींसमोर मोबाइलवर उघडला तर मुलीला तो गोड वाटेलच असे नाही. माझ्या मुलीने पहिल्या सत्रात मला फोनवर सांगितले, ‘आई, तू वही कर, पण स्टेटसला लावायच्या आधी मला विचार.’ तिच्या बाबांना हे ऐकून थोडे लागले. मला ते बरोबर वाटले.

२०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. आपल्याच घरगुती कामासाठी कुणी माहिती हाताळली तर मात्र तो कायदा लागू होत नाही. म्हणजे आईच्या चिकटवहीत कायदा डोकावणार नाही. तिथली मर्यादा घरानेच ठरवायची आहे. मुलांचे घर सोडण्याचे वय आणि सज्ञान होण्याचे वय एकच आहे, हे मला अर्थपूर्ण वाटते. आम्ही घरात असे ठरवले, की वही दोन भागांत करायची. एक सर्व नातेवाइकांना दाखवायची, दुसरी प्रत्येक मुलाची स्वतःची. दुसऱ्या वहीत काय राहील आणि काय जाईल, हे ज्याचे त्याने सांगायचे. मुलाने दहावीच्या वर्षाची पाने काढून टाकायला लावली. ते वर्ष त्याला जड गेले होते. ती पाने मला हवी होती, पण वर्ष त्याचे होते.

आईच्या वेळेचे गणित

मूल गेल्यावर पहिल्या महिन्यात संध्याकाळ अंगावर येते. डबा एकाने कमी होतो, कुकरची शिट्टी कमी होते. अशा वेळी फोटोंत बुडून जाणे सोपे असते, आणि तिथेच या छंदाची कसोटी आहे. रोज रात्री मुलाच्या बाळपणाची पाने सजवणारी आई दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला चार वेळा फोन करते, ‘जेवलास का?’ म्हणून. तिकडे मूल नवे मित्र, नवी खानावळ, नवी भाषा यांत पाय रोवू पाहत असते. त्या दोरीचे एक टोक आईने हातात घट्ट धरले, तर दुसऱ्या टोकाला ओढ बसणारच.

म्हणून मी आठवड्याचा एक दिवस ठरवला. रविवारी दुपारी दोन तास. एका बैठकीत एकच पान. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विषय बदलले. घरच्या आल्बमांत आई फार थोड्या ठिकाणी असते. रोलच्या काळात कॅमेरा बाबांच्या हाती असे आणि आई स्वयंपाकघरात. मोबाइलच्या काळात फोटो तीच काढते, म्हणून ती चौकटीबाहेर. मग मी माझे माहेर, माझी शाळा, माझ्याबरोबर आवणीला जाणाऱ्या मावश्या यांची पाने करायला घेतली. पुण्याहून आलेल्या मुलीने ती पाने पाहिली आणि दोन तास प्रश्न विचारत बसली. आपली आई आपल्या जन्मापूर्वीही कुणीतरी होती, हे मुलांना सांगायला घर सोडण्याच्या वयाइतके योग्य वय दुसरे नाही.

ज्यांची मुले यंदा किंवा पुढल्या वर्षी निघणार आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की हे काम मूल जाण्याआधी त्याच्यासोबत सुरू करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. नावे त्यांना ठाऊक असतात, टायपिंग मुलांना येते आणि मधला दुवा आपण असतो. ही तिन्ही माणसे एका खोलीत असण्याचे दिवस थोडे असतात. हजार फोटो लावायची घाई नको. बियाण्याचे भात जसे निवडून वेगळे राखतात, तशी पन्नास पाने नीट झाली तरी पुष्कळ. मूल निघेल तेव्हा कपड्यांच्या बॅगेत त्याची एक प्रत घालावी. त्याने ती कधी उघडायची, हे त्याच्यावर सोडावे.