आबालालांचे कागद

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं पाहिली की माझी पावलं कोटितीर्थाकडे वळतात. या तळ्याकाठी ते राहिले आणि तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते हुबेहूब, रेखीव काम शिकून आले होते. पुढे रेषा सुटत गेली, रंगांचे तुटक फटकारे उरले. युरोपात याला इम्प्रेशनिझम म्हणत, मराठीत दृक्‌प्रत्ययवाद. कोल्हापुरात बसून हा माणूस तिथवर कसा पोहोचला? कुठली छापील चित्रं त्यांच्या हाती आली? त्यांच्या हस्ताक्षरातलं एक पत्र मी आजवर पाहिलेलं नाही. जन्मसालसुद्धा कुठे १८५६, कुठे १८६० छापलेलं आढळतं.

आणि घराणं कोणतं, तर कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणारं!

कागदाच्या जागी आपण किस्सा ठेवला. १९२२ साली राजर्षी शाहू महाराज गेले, त्या दुःखात आबालालांनी हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. मीही हा किस्सा रंगवून सांगितला आहे. पण दरबारी चित्रकाराला पगार किती मिळे, रंग कुठून येत, महाराजांनंतर १९३१ पर्यंतची वर्षं त्यांनी कशावर काढली, हे विचारायचं राहूनच जातं. अवलिया म्हटलं की आपण सुटलो.

दुसऱ्यांना दोष देणं सोपं आहे. आमच्या घरी आजोबांच्या पत्रांची ट्रंक होती. बरीच उर्दू, थोडी मोडी. वाचणारं कुणी उरलं नाही. वर ७८६ लिहिलेलं, म्हणून रद्दीत देता येईनात. शेवटी कुराणाच्या जीर्ण पानांबरोबर अदबीनं पंचगंगेत सोडली. पिशवी धरून मीच उभा होतो.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात दरबाराची मोडी दफ्तरं आहेत. आबालालांची नेमणूक, पगार, रंगांचा खर्च यांचा शोध तिथे घ्यायला मोडी शिकलेली आपली दोन-चार मुलं बसली पाहिजेत. त्यांच्या राहण्याखाण्याची सोय जमातीनं करावी, जलशांवरचा थोडा पैसा इकडे वळवला तरी भागेल. आणि घरातला जुना कागद मशिदीच्या पेटीत टाकण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा, मागची बाजूही. वाचणारा नंतर शोधू.