मागचे पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर

जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींच्या मालकवर्गात अशी एक समजूत दृढमूल झालेली आहे की, गाडीची मागची बाजू जितकी ताठ तितकी तिची रस्त्यावरील पकड अधिक. आणि या समजुतीपायी कित्येक गुणी गाड्यांची चाल मालकांनी स्वहस्ते बिघडवून घेतली आहे. या मताचा प्रतिवाद मी एमजीबीच्या दाखल्याने करणार आहे. कारण इतक्या मोठ्या संख्येने टिकलेली आणि मालकांच्या हौसेला इतकी बळी पडलेली दुसरी गाडी क्वचितच सापडेल.

ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली ही गाडी पुढे कॉइल स्प्रिंगा वागवीत असली, तरी मागे अखंड आसावर आणि कमानदार पाट्यांवर उभी आहे. एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली झालेल्या प्रारंभीच्या नमुन्यांत मागेही कॉइल स्प्रिंगांची तजवीज होती. ती सोडून पाटे पत्करले गेले, आणि त्याबरोबर पाट्यांच्या माथी अनेक कामे आली. भार तर ते वाहतातच. शिवाय आसाला पुढेमागे आणि आडवे सरकू न देणे, चाकांचा रेटा गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचविणे, ब्रेक दाबताच आसाला बसणारा पीळ सोसणे, हेही त्यांनाच करावे लागते. असा बहुगुणी सेवक बदलताना केवळ त्याचा ताठपणा पाहून नेमणूक करणे शहाणपणाचे नव्हे.

पहिली चौकशी आपल्या गाडीची जात कोणती, याची करावी. १९६५ साली आलेल्या जीटीचे बंद शरीर उघड्या गाडीहून जड, सबब तिचे पाटेही अधिक ताठ. पुढे १९७४ च्या उत्तरार्धात, बंपर आणि दिवे यांच्या उंचीसंबंधीच्या अमेरिकन फर्मानांमुळे, काळे रबरी बंपर आले आणि गाडी इंच-दीड इंच उंच उचलली गेली. त्या काळचे पाटे क्रोम बंपरच्या गाडीला लावले, तर तिचा मागचा भाग विनाकारण वर चढतो. त्याच सुमारास उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार काढण्यात आला होता; तो १९७७ च्या मॉडेलपासून परत आला आणि मागेही एक बसविण्यात आला. मधल्या वर्षांतली गाडी वळणावर कलते, यात पाट्यांचा अपराध फार थोडा आहे. परंतु तक्रार नेहमी त्यांच्याच नावे दाखल होते.

ताठपणाचा हिशेब सरळ आहे. पाटा दुप्पट ताठ केला की गाडीच्या आंदोलनांचा वेग सुमारे १.४ पट होतो आणि त्यांना आवरण्यास शॉकॲब्सॉर्बरही त्याच प्रमाणात नेटाचा लागतो. अखंड आसाचे वजन मोठे असल्यामुळे, अतिताठ व्यवस्थेत खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागते, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप केला ती पकडच निसटते. वर प्रत्येक खड्ड्याची इत्तला मालकाच्या मणक्याला मिळते, ती वेगळीच.

मूळ शॉकॲब्सॉर्बर आर्मस्ट्राँगचे, दांड्याने हलणारे, ओतीव धातूच्या कोठीत तेल दाबणारे असतात. यांना कालबाह्य ठरविण्याची घाई मला मुळीच पसंत नाही. त्यांचा दुवा सोडून दांडा हाताने वरखाली करून पाहावा: विरोध आरंभापासून शेवटपर्यंत सारखा जाणवला, तर ते बेलाशक कामाचे आहेत, मध्येच मोकळे वाटले, तर तेल कमी झाले असेल किंवा झडप झिजली असेल, दांड्याच्या मुळाशी तेल झिरपत असेल, तर पुनर्बांधणी करून घ्यावी. पाट्यांच्या पानांमध्ये गंज चढला की लहान धक्केही कडक लागतात आणि मालक निष्कारण शॉकॲब्सॉर्बरला दोष देतो, हेही ध्यानात असू द्यावे. टेलिस्कोपिक संच बसविणारांची मला निंदा करावयाची नाही. पण त्यांतले बरेचसे या हलक्या गाडीला मानवणार नाहीत इतके कडक असतात, आणि ते नुसत्या बाह्य देखाव्यावर निवडले जातात.

बसविताना दोन्ही बाजूंचे पाटे एकदम बदलावेत. बुशांचे नट आधी हलके लावावेत आणि गाडी चाकांवर, पूर्ण भारासह उभी केल्यावरच अखेरचे आवळावेत. अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहून लौकर फाटते आणि उंचीही चुकते. नवे पाटे काही दिवसांत थोडे बसतात. म्हणून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची सपाट जागी पुन्हा मोजून खातरजमा केल्यावाचून आणखी काही बदलू नये.

शर्यतीच्या मैदानाची गोष्ट निराळी. रस्त्यावर फिरवावयाच्या गाडीला मूळ मापाचे पाटे, साधे रबरी बुश आणि दुरुस्त केलेले आर्मस्ट्राँग, एवढा सरंजाम पुरेसा आहे, असा माझा कौल आहे. यानंतरही ज्यांना टेलिस्कोपिकच हवेत, त्यांनी काढलेले जुने नग भंगारवाल्याला देऊ नयेत; पुनर्बांधणी करणारे कारागीर बहुधा जुना नग घेऊनच दुरुस्त केलेला देतात.