गिअर कानानं टाकायचा

घाट चढताना एसटीचा आवाज कसा बदलायचा, हे ज्यांनी रात्रीच्या गाडीत अर्धवट झोपेत ऐकलंय, त्यांच्या कानात तो अजून असेल. इंजिन कण्हू लागायचं, वेग ओसरायचा, आता गाडी थांबणार असं वाटायचं. मग एक क्षण सगळंच सैल पडायचं, लगेच इंजिन मोठ्यानं गुरगुरायचं आणि खटकन खालचा गिअर पडायचा. गाडी पुन्हा सावकाश, पण ठामपणे वर निघायची. झोपलेल्यांची झोप मोडायची नाही. पुढच्या बाकावर जागे असलेल्यांना मात्र कळायचं, की आत्ता एका माणसानं फार नेमकं काहीतरी केलं.

त्याला चालक मंडळी डबल क्लच म्हणत. जुन्या लेलँडच्या गिअरपेटीत दातांचा वेग आपोआप जुळवून घेणारी सोय नव्हती. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटर देऊन इंजिनाचे फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा आत सारायचा. हे सारं गाडी चढावर थबकण्याच्या आत. फेरे कमी पडले तर कर्रकन आवाज येई आणि गिअर बसायचाच नाही. भरलेली गाडी, उभा चढ, मागे ट्रक, अशा वेळी गिअर न बसणं म्हणजे काय, ते कल्पनेनंच जाणलेलं बरं.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणते. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी कोकणातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर काढली. परवा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. विचारलं, ‘‘आबा, फेरे पुरेसे वाढले हे कळायचं कसं हो? समोर काटा असायचा का?’’ आबा म्हणाले, ‘‘काटा असला तरी घाटात त्याच्याकडं बघायला सवड कुणाला? गिअर कानानं टाकायचा, बाळा. आवाज एका ठिकाणी आला, की हात आपोआप जातो. प्रत्येक गाडीचं ते ठिकाण वेगळं. नवीन गाडी हातात आली, की पहिला घाट तिचं ऐकून घेण्यात जायचा.’’

उताराचा त्यांचा नियम तर शाळेत शिकवावा असा आहे. जो घाट ज्या गिअरमध्ये चढलास, तो त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरत गेलं, की लायनिंग तापते आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. म्हणून गाडी इंजिनानं धरून ठेवायची. ब्रेक लागेल तेवढाच. स्टिअरिंगला पॉवरची मदत नव्हती. ते भलं मोठं चाक खांद्यातून जोर लावून फिरवावं लागे. डाव्या हाताला इंजिनाचं झाकण, त्याची धग रात्रभर पायाला.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटलेली सावंतवाडीची गाडी डोळ्यांसमोर आणा. पनवेल, पेण, वडखळ करत महाडला यायचं. पोलादपूर सुटलं की कशेडी घाट. तो उतरून खेडचा भरणे नाका, मग भोस्त्याचा घाट, पाठोपाठ परशुराम घाट आणि खाली चिपळूण. पुढे संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ. शाळेतल्या पाठ्यपुस्तकात कोकणचा नकाशा होताच, पण तो मला खरा कळला या गाडीत. पोटात गोळा आला की घाट सुरू झाला. खिडकीतून दमट वारा आला की खाडी जवळ आली. पहाटे काचेवर दव दिसलं की कणकवली मागे पडली असणार. अंतर म्हणजे किलोमीटरचा आकडा नव्हे. ते अंगानं भोगायचं, रात्रीच्या एकेका प्रहरानं मोजायचं असतं, हे त्या प्रवासानं शिकवलं.

आतलं जग तर पाठच होतं. खासदार-आमदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, पत्रकारांसाठी राखीव जागांच्या रंगवलेल्या पाट्या. खडखडणाऱ्या काचा. कंडक्टरच्या हातातली तिकिटांची पत्र्याची पेटी, तिच्यात किमतीनुसार रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि त्या पंचची टकटक. एक घंटा वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. चालक आणि वाहक यांच्यातलं सारं बोलणं त्या एका दोरीवर चाले. पुण्याच्या वाटेवर बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आलं, की धावत्या गाडीतून नाणं टाकलं जाई. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आठवण असं सांगतात. अवघड वाट दाखवणाऱ्याला रस्ता विसरत नाही, याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे.

या सगळ्याची सुरुवात १ जून १९४८ ला झाली. पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्डची, लाकडी बांधणीची, काथ्याच्या आसनांची. त्या काळी ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, कॉमर, मॉरिस अशा नाना बनावटीच्या गाड्या होत्या. चालकाला आज एकीची सवय करावी, तर उद्या दुसरीची. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर नीलकमल आणि गिरीआरोहिणी अशा दोन आरामगाड्या आल्या. त्यांत पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि चक्क भिंतीवरचं घड्याळही होतं. १९६८ मध्ये रात्रीची सेवा सुरू झाली, तीच आपली रातराणी. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्तानं निमआराम गाड्या आल्या. दादर-पुणे मार्गावरची एशियाड कित्येकांच्या नोकरीचा, शिक्षणाचा, लग्नाच्या बोलणीचा भाग झाली. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळचं हिंगणा इथल्या एसटीच्याच कार्यशाळांत सांगाड्यांवर गाड्या उभ्या राहत. म्हणजे चालवणारे हात आपले, तसेच घडवणारेही.

तो प्रवास सुखाचा होता, असं मी म्हणणार नाही. पावसात टपातून पाणी ठिबके. मागच्या बाकावर कणा खिळखिळा होई. लेकरू घेऊन रात्रभर बसणाऱ्या बाईचे हाल बघवत नसत. चालकांनी तर याची किंमत शरीरानं मोजली आहे. आबांचा डावा गुडघा आणि उजवा खांदा आज त्याचीच साक्ष देतात. आताच्या गाडीत क्लच हलका आहे, स्टिअरिंग बोटानं फिरतं, प्रवासी गारव्यात झोपून जातो. हे व्हायलाच हवं होतं. कशेडीला बोगदा झाला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण वापरात आला, त्यानं जीव वाचतात, वेळ वाचतो. जुने दिवस परत यावेत असा माझा हट्ट नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या गाडीत आपल्याला पुढे नेणारे कष्ट दिसत होते, ऐकू येत होते. घाट पार झाला की पुढच्या बाकावरचा एखादा म्हातारा चालकाला म्हणे, ‘‘शाबास, ड्रायव्हरसाहेब!’’ तो नुसता उपचार नव्हता. आपण कुणाच्या कौशल्यावर जीव सोपवला आहे, ते त्या म्हाताऱ्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असे. ते कौशल्य कुठल्याही पुस्तकात नाही. ते आबांच्या कानात आणि हातात आहे, आणि त्यांच्याबरोबर ते जाणार आहे.

इतरांनी हे ओळखलं आहे. आपल्याच रेल्वेनं १८५५ चं फेअरी क्वीन इंजिन दुरुस्त करून १९९७ मध्ये पुन्हा पर्यटकांच्या गाडीला जोडलं. इंग्लंडमध्ये १९६२ पासून जुनी व्यावसायिक वाहनं लंडनहून ब्रायटनपर्यंत रस्त्यानं चालवत नेतात. तिथे त्या गाड्या चालवता येणारी माणसंही त्यामुळे टिकून आहेत. मुंबईत बेस्टचं संग्रहालय अणिक आगारात आहे. आपल्याकडे एसटीवर जीव असलेली तरुण मुलं पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या हुबेहूब छोट्या गाड्या बनवतात, पाट्यांच्या अक्षरांपर्यंत सगळं अचूक. प्रेम आहेच. त्याला खरी, चालती गाडी मिळायला हवी.

म्हणून दोन गोष्टी करू या. जुन्या सांगाड्यावर, जुन्या गिअरपेटीची एक गाडी एसटीच्या कार्यशाळेत पुन्हा उभी करू या आणि दर १ जूनला ती पुणे-नगर रस्त्यावर चालवू या. २०२२ मध्ये याच दिवशी, याच मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली. तिच्या पुढे तिची पणजी चालली, तर शाळेतल्या पोरांना पाऊणशे वर्षांचा इतिहास एका रस्त्यावर दिसेल. दुसरी गोष्ट अधिक तातडीची. सत्तरी ओलांडलेल्या चालकांना, वाहकांना, मेकॅनिकना बोलतं करून त्यांचं सांगणं ध्वनिमुद्रित करू या, आणि त्या गाडीवर नव्या चालकांना त्यांच्या शेजारी बसवू या. मी आबांना विचारलं, तर ते लगेच म्हणाले, ‘‘गाडी आणा, शिकवतो.’’ गाडी आणणं आपल्या हातात आहे, आणि ते याच चार-पाच वर्षांत व्हायला हवं.