बोट कापले तर पैसे, बुटाला नाहीत

माझे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक, परवा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून पायाचे एक बोट गमावून परत आले. मधुमेह १५ वर्षांचा. चप्पल चावल्याची जखम चिघळत गेली होती. "बोटाचे जाऊ द्या डॉक्टर, हे बघा," म्हणत त्यांनी बिल माझ्यापुढे ठेवले.

पॉलिसी ३ लाखांची. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. मुलाने ६ हजारांची खोली घेतली. वरचे ३ हजार आपण भरू, असा त्याचा हिशेब. ८ दिवसांचे भाडे ४८ हजार, त्यातले २४ हजार खिशातून, इथवर ठीक. पण भारी खोली घेतली की डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर यांची रक्कमही कंपनी त्याच प्रमाणात कापते. हे ६० हजार होते, मिळाले ३०. औषधे, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही, असा विमा नियामकाचा २०२० सालचा नियम आहे. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही ती लागत नाही. पण भरतीच्या घाईत हे विचारतो कोण? हातमोजे वगैरे वेगळेच. एकूण ५४ हजारांच्या वर पेन्शनमधून गेले.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पैसे न मिळणाऱ्या वस्तूंची जी यादी अनेक पॉलिसींना जोडलेली असते, तिच्यात मधुमेहींची पादत्राणे आहेत! बोट कापायला पैसे, ते वाचवणाऱ्या बुटाला नाहीत. रोजच्या इन्शुलिनला, तपासण्यांना साध्या पॉलिसीत काही नाही, कारण पेशंट भरती नसतो. मग लोक म्हणतात, "डॉक्टर, दोन दिवस अॅडमिट दाखवा ना!" नुसत्या तपासण्यांसाठी भरती झाल्यास क्लेम नामंजूर होतो, आणि खोटा कागद मी करीत नाही.

डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतले ड्रेसिंग व औषधे मात्र बहुतेक पॉलिसींत मिळतात. गुरुजींना हे कुणी सांगितलेच नव्हते. निम्मी बिले त्यांनी फेकून दिली होती. उरलेली घेऊन उद्या मुलगा जाणार आहे. मऊ तळाचे बूट मी लिहून दिले आहेत. ते त्यांच्याच पैशाने.