चित्रपटाचें पार्श्वसंगीत आणि आपलीं मतें

मनुष्याच्या अभिरुचीची परीक्षा तो काय ऐकतो ह्यावरून जितकी होते, तितकीच ऐकलेल्याविषयीं तो काय बोलतो ह्यावरूनही होते. अलीकडे आमच्या विद्यार्थिवर्गांत एक नवा छंद दिसूं लागला आहे. चित्रपटांतील गाणीं बाजूस ठेवून नुसतें पार्श्वसंगीत, म्हणजे पात्रें बोलत, धांवत किंवा रडत असतांना त्यांच्या पाठीमागें वाजणारें वाद्यसंगीत, स्वतंत्रपणें ऐकणारे कांहीं रसिक वरच्या वर्गांतून आढळतात. मधल्या सुट्टींत भेट होतांच 'सध्यां काय ऐकतोस?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आणि लागलीच जॉन विल्यम्स मोठे कीं एनिओ मॉरिकोने मोठे, हान्स झिमर श्रेष्ठ कीं इळैयाराजा श्रेष्ठ, असा वाद सुरू होतो. ह्या छंदाकडे कांहीं वडील मंडळी कौतुकानें पाहतात, तर कांहीं शंकेनें. आमच्या मतें हा छंद चांगला आहे. परंतु तो ज्या रीतीनें चालतो तींत सुधारणेस पुष्कळ वाव आहे. ह्या दोन्ही गोष्टींचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आक्षेपकांचें म्हणणें पाहूं. ते म्हणतात, हें संगीत चित्राच्या सेवेसाठीं जन्मास आलेलें. चित्रावांचून तें ऐकणें म्हणजे लग्नघर नाहीं, वधूवर नाहींत, आणि वाजंत्री मात्र वाजते आहे, असा प्रकार होय. दृष्टांत चटकदार आहे, पण तो आक्षेपकांवरच उलटतो. सनई ही लग्नमंडपाच्या व देवळाच्या दारांतलीच. तिला उस्ताद बिस्मिल्लाखान ह्यांनीं मैफलींत मानाची जागा मिळवून दिली, तेव्हां ती वधूवरांवांचून ऐकण्यांत कोणास कांहीं गैर वाटलें नाहीं. आपल्या संगीत नाटकांतील पदें प्रसंगासाठीं रचिलेलीं होतीं. तीं रंगभूमीवरून उतरून घरोघर गेलीं. जर्मनींतील लाइप्त्सिक शहरीं १७२३ पासून योहान सेबास्टियन बाख ह्यांनीं दर रविवारच्या उपासनेसाठीं जी गायनरचना केली, ती आज उपासनेबाहेरही तितक्याच आदरानें ऐकली जाते. सारांश, एखादी कला सेवेंत जन्मली एवढ्यावरून ती स्वतःच्या पायांवर उभी राहूं शकत नाहीं, असें ठरत नाहीं.

इतिहासही ह्याच पक्षास अनुकूल आहे. मूकपटाच्या काळीं पडद्यापुढें बसून वादक वाद्यें वाजवीत. १९०८ मध्यें फ्रेंच संगीतकार कामीय सें-सांस ह्यांनीं ड्यूक ऑफ गीझच्या वधावरील एका लहानशा मूकपटासाठीं खास संगीत रचिलें. नामांकित संगीतकारानें चित्रपटासाठीं केलेल्या अगदीं आरंभींच्या रचनांपैकीं ती एक होय. पुढें बोलपट आला. १९३८ सालीं रशियाच्या सेर्गेई प्रोकोफिएव्ह ह्यांनीं 'अलेक्झांडर नेव्हस्की' ह्या चित्रपटास संगीत दिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांतून गायकवृंद व वाद्यवृंद ह्यांसाठीं एक स्वतंत्र रचना सिद्ध केली. ती आजही सभागृहांतून वाजते, आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं तो चित्रपट पाहिलेलाही नसतो.

ग्रामोफोनच्या तबकडीची हकीकत तर आपणांस अधिक जवळची आहे. १९४२ सालीं 'जंगल बुक' हा चित्रपट निघाला. मूळ कथा १८६५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंग ह्यांची. मोगलीचें काम करणारा साबू हा म्हैसूरकडील माहुताचा मुलगा. आणि संगीत हंगेरींत जन्मलेल्या मिक्लोश रोझा ह्यांचें. ह्या संगीताच्या तबकड्या निघाल्या. हॉलिवुडच्या कथापटाचें पार्श्वसंगीत विक्रीस आल्याचें हें अगदीं पहिल्या उदाहरणांपैकीं एक आहे. त्यांत साबू स्वतः गोष्ट सांगतो आणि संगीत त्याच्या शब्दांमागून चालतें. नुसतें संगीत लोक ऐकतील असा भरंवसा त्या वेळीं कोणास नव्हता, हें ह्यावरून दिसतें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीनचार मिनिटें मावत. १९४८ मध्यें दीर्घकाल वाजणारी तबकडी आली व ही अडचण पुष्कळशी दूर झाली. १९७७ सालीं 'स्टार वॉर्स'चें संगीत दोन दीर्घ तबकड्यांवर निघालें. त्यांत निवेदक नाहीं, गाणें नाहीं, केवळ लंडनचा वाद्यवृंद आहे. तरी तें जगभर घरोघर वाजलें. भरंवसा उत्पन्न होण्यास पस्तीस वर्षें लागलीं, पण तो उत्पन्न झाला.

येथवर आम्ही छंदाच्या बाजूनें बोललों. आतां छांदिष्टांस दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. त्यांच्यापैकीं कांहीं उत्साही मंडळी म्हणूं लागली आहेत कीं, संगीत हातीं आहे तर चित्रपट पाहण्याचें कारणच काय? हें मत आम्हांस मान्य नाहीं. चित्रपटाच्या संगीतकारास कोठें वाजवावें हें जसें ठरवावें लागतें, तसें कोठें वाजवूं नये हेंही ठरवावें लागतें, आणि हा दुसरा निर्णय तबकडीवर उमटत नाहीं. प्रभातच्या 'कुंकू' ह्या १९३७ च्या चित्रपटांत व्ही. शांताराम ह्यांनीं पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केलें; घरांत, रस्त्यांत जे आवाज स्वाभाविकपणें व्हावयाचे त्यांवरच भर दिला. त्या संयमाची तबकडी कशी काढणार? 'सैराट' ह्या २०१६ च्या चित्रपटासाठीं अजय-अतुल ह्यांनीं लॉस एंजल्स येथें मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करविलें, आणि त्यांतील गाण्यांनीं सारा महाराष्ट्र नाचविला. परंतु शेवटच्या प्रसंगीं संगीत पूर्ण थांबतें. ज्या चित्रपटास इतका मोठा वाद्यवृंद मिळाला, त्यानें सर्वांत दारुण क्षणीं मौन पत्करलें. ज्यानें केवळ ध्वनिमुद्रिका ऐकली, त्यास ह्या चित्रपटांतील सर्वांत मोठा संगीतविषयक निर्णय कळलाच नाहीं असें म्हणावें लागेल.

'जॉज' ह्या १९७५ च्या चित्रपटाचें उदाहरण ह्याहून सूक्ष्म आहे. जॉन विल्यम्स ह्यांनीं शार्क माशासाठीं योजिलेले ते दोन स्वर आतां पोरांनाही पाठ आहेत. चित्रपटांत मासा पुष्कळ वेळ दिसत नाहीं; तो जवळ येतो आहे हें ते स्वरच सांगतात. मध्यें दोन मुलें खोटा पर लावून लोकांस भिववितात, तेव्हां ते स्वर वाजत नाहींत. अर्थात् संगीत प्रेक्षकाशीं प्रामाणिक राहतें. खोट्या भीतीस तें साक्ष देत नाहीं. तबकडीवर हें सौंदर्य सांपडणें शक्य नाहीं. ह्यासाठीं आमचें सांगणें असें कीं, संगीत वेगळें अवश्य ऐकावें, परंतु मत देण्यापूर्वी चित्रपट एकदां तरी लक्षपूर्वक पाहावा.

चित्र व संगीत ह्यांत धनी कोण व चाकर कोण, हेंही नेहमींच ठरलेलें नसतें. सर्जिओ लिओने ह्यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' ह्या १९६८ च्या चित्रपटाचें मुख्य संगीत मॉरिकोने ह्यांनीं आधींच रचिलें होतें, व चित्रीकरणाच्या जागीं तें वाजवून नट त्या लयींत वावरले. 'ई. टी.' ह्या १९८२ च्या चित्रपटाच्या शेवटच्या भागाचें संगीत चित्राशीं क्षणाक्षणास जुळेना. तेव्हां दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांनीं पडद्यावरील चित्र बंद करविलें, विल्यम्स ह्यांस मोकळेपणानें वाद्यवृंद चालवूं दिला, आणि मागाहून चित्रच कापून संगीताशीं जुळविलें. उलट 'सायको' ह्या १९६० च्या चित्रपटांतील स्नानगृहाच्या प्रसंगीं संगीत नको, असें आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचें मत होतें. बर्नार्ड हर्मन ह्यांनीं केवळ तंतुवाद्यांचें संगीत रचून तें ऐकविलें, आणि दिग्दर्शकानें आपलें मत सोडलें. दोन मोठे कलावंत भांडले, पण निर्णय हुद्यानें झाला नाहीं, ऐकण्यानें झाला. वाद कसा करावा ह्याचा हा धडाच आहे.

आणि आमच्या मुख्य तक्रारीचा विषय हाच. आमच्या रसिकांचीं मतें पुष्कळदां एका शब्दाचीं असतात: 'भारी', 'बेकार', 'जुनाट'. ज्यास हें आवडत नाहीं त्यास कांहीं कळत नाहीं, एवढेंच बाकी उरतें. ह्यास मत म्हणणें आम्हांस जड जातें. ज्याच्यामागें कारण आहे तेंच मत. ज्याच्यामागें कारण नाहीं तो केवळ आवाज. एखादा म्हणेल कीं, 'ही शोकाची सुरावट प्रथम एकट्या बासरीवर आली तेव्हां मनास भिडली. पुढें साऱ्या वाद्यवृंदानें तीच उचलली तेव्हां तिच्यांतला साधेपणा गेला.' ह्यावर दुसऱ्यास उत्तर देतां येतें, पुन्हां ऐकतां येतें, कदाचित् पटवूनही घेतां येतें. 'बेकार' ह्या शब्दास उत्तर काय?

मत देतांना आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. संगीत आवडलें, कीं संगीताबरोबर आलेली आठवण आवडली? 'इंटरस्टेलर' ह्या २०१४ च्या चित्रपटासाठीं हान्स झिमर ह्यांनीं लंडनच्या टेंपल चर्चमधील ऑर्गन वाजवून घेतला. आमच्या मुलांस तो विशेष प्रिय आहे. त्यांतला किती भाग संगीताचा, आणि किती भाग प्रार्थनेच्या वेळीं कानीं पडणाऱ्या ऑर्गनच्या स्नेहाचा, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. आठवणीमुळें आवडणें हा दोष नव्हे. मात्र तिलाच गुणपरीक्षा समजणें हा दोष आहे. तसेंच, गणितें सोडवितांना कानांत हें संगीत चालूं ठेवण्याची रीत पडली आहे. पाठीमागच्या संगीतास आपण कौतुकानें पुढें आणलें, आणि पुन्हां पाठीमागेंच टाकलें, असा हा प्रकार होतो. मोबाइलमुळें आज ऐकण्यास पैसा व श्रम फारसे पडत नाहींत. म्हणून लक्ष तरी पुरतें द्यावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे चित्रपटाची ध्वनिमुद्रिका म्हणजे गाण्यांची ध्वनिमुद्रिका, हें समीकरण फार दिवस रूढ आहे. 'शोले' ह्या १९७५ च्या चित्रपटाचे संवादसुद्धां तबकडीवर निघाले व लोकांनीं ते मिटक्या मारीत ऐकले; परंतु बहुतेक चित्रपटांचें पार्श्वसंगीत चित्रपटाबाहेर कधींच आलें नाहीं. ह्याचें कारण तें कमी प्रतीचें असतें हें नव्हे. सत्यजित राय ह्यांच्या 'पथेर पांचाली' ह्या १९५५ च्या चित्रपटाचें बहुतेक संगीत पंडित रविशंकर ह्यांनीं एकाच रात्रीच्या बैठकींत केलें, आणि तें जगांत नांवाजलें गेलें. २००९ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गाण्यांच्या संगीताहून वेगळा असा पार्श्वसंगीताचा पुरस्कार इळैयाराजा ह्यांस मिळाला. सरकारनें जो भेद ओळखला, तो बाजारानें अद्यापि पुरता ओळखलेला नाहीं.

जें संगीत जपून ठेविलें जात नाहीं, त्याविषयीं पुढील पिढीस मतही देतां येत नाहीं. अ‍ॅलेक्स नॉर्थ ह्यांनीं '२००१: अ स्पेस ओडिसी' ह्या १९६८ च्या चित्रपटासाठीं रचिलेलें संगीत दिग्दर्शकानें वापरलेंच नाहीं. परंतु तें उरलें होतें; म्हणून जेरी गोल्डस्मिथ ह्यांनीं १९९३ सालीं तें वाजवून घेऊन प्रसिद्ध करविलें, आणि दिग्दर्शकाचा निर्णय योग्य होता कीं नाहीं ह्याचा वाद आज कोणाही श्रोत्यास करतां येतो. आपल्याकडे हें किती चित्रपटांविषयीं करतां येईल?

आणि येथें प्रश्न केवळ सुरावटींचा नाहीं, माणसांचा आहे. मुंबईच्या चित्रपटांचा वाद्यवृंद उभारण्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा वांटा फार मोठा होता. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून लहानपणीं स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेलीं हीं मुलें पुढें मुंबईस आलीं व तेथील वाद्यवृंदांचा कणा बनलीं. सेबास्टियन डिसोझा ह्यांनीं शंकर-जयकिशन ह्यांच्या रचनांची वाद्ययोजना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस ह्यांनीं प्यारेलाल ह्यांस व्हायोलिन शिकविलें. त्या शिष्यानें १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील एका गाण्यांत गुरूचें नांव गुंफलें. साऱ्या देशानें तें नांव गुणगुणलें, परंतु तें एका खऱ्या वादकाचें आहे हें फार थोड्यांस ठाऊक होतें. अशा कित्येकांचीं नांवें चित्रपटाच्या नामावळींत आलींच नाहींत. ध्वनिमुद्रिका निघाली असती, तर निदान तिच्या वेष्टणावर त्यांस जागा मिळती.

म्हणून आमचें मागणें दुहेरी आहे. चित्रसंस्थांनीं आपल्या चांगल्या चित्रपटांचें पार्श्वसंगीत वेगळें प्रसिद्ध करावें, आणि तें वाजविणाऱ्या प्रत्येकाचें नांव त्यासोबत द्यावें. विद्यार्थ्यांनीं तें कान देऊन ऐकावें, चित्राशीं ताडून पाहावें, आवडलें तर कां आवडलें व न आवडलें तर कां न आवडलें हें चार वाक्यांत सांगण्याची संवय करावी, आणि दुसऱ्याचीं चार वाक्यें ऐकून घ्यावीं. त्याबरोबर वादकाचें नांव शोधून काढण्याचे श्रमही घ्यावेत. पडद्यामागें राबणाऱ्याची आठवण ठेवणें हें आमच्या शाळेनें आम्हांस नेहमींच शिकविलें आहे. तें ह्या छंदांतही आचरतां येण्यासारखें आहे.